प्रथम नजराण्याची कैफियत

घर घेताना माणसाला वकील मिळतो, म्हैस घेताना जाणता शेजारी मिळतो आणि पत्रिका जुळवायला जोशीबुवा तर रस्त्यात अडवून मिळतात. परंतु ज्या तरुणाचे एखाद्या तरुणीशी सूत जुळून जेमतेम अडीच महिने झाले आहेत, आणि नेमक्या या नाजूक मुदतीत जिचा वाढदिवस येऊन ठेपला आहे, अशा तरुणाने तिला काय द्यावे हे सांगणारा अधिकारी पुरुष या पुण्यनगरीत, जिथे कोणत्याही विषयावर सल्ला देण्यास आजवर कोणी नकार दिल्याचे ऐकिवात नाही, तिथेसुद्धा सापडत नाही. ज्यांची लग्ने झाली त्यांना हा प्रश्न कधीकाळी पडला होता याची आठवण उरलेली नसते, आणि ज्यांची झाली नाहीत त्यांच्या सल्ल्याची किंमत त्यांच्या स्थितीवरूनच ठरते.

याचे कारण उघड आहे. अशा प्रसंगी दुकानातून जे बाहेर पडते ते दिसायला घड्याळ, पर्स किंवा अत्तराची कुपी असले तरी पोहोचते ते खलित्याच्या रूपाने, आणि त्या खलित्यातला मजकूर देणाऱ्याने काय लिहिला यापेक्षा घेणारीने काय वाचला यावर पुढचे राजकारण अवलंबून राहते. दरबारी मंडळींना हे शास्त्र पक्के ठाऊक होते. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर आलेल्या हेन्री ऑक्झिंडेनने महाराजांना हिऱ्याची अंगठी नजर केली, तेव्हा अंगठीच्या मागोमाग इंग्रजांच्या तहाची कलमे येत आहेत, हे देणाऱ्याला माहीत होते आणि घेणाऱ्याला तर त्याच्याही आधी माहीत होते. नजराणा पुढे आणि दरखास्त मागे, असा तो शिरस्ता. आजच्या तरुणाची पंचाईत अशी की, आपली दरखास्त नेमकी काय आहे याचा त्याच्या स्वतःच्या मनाशी अजून निकाल लागलेला नसतो, आणि नजराणा मात्र तारखेबरहुकूम हजर करावा लागतो.

हा मामला माझ्यापुढे आला तो आमच्या भाच्यामुळे. माझी सारी हयात दस्तनोंदणीच्या खात्यात गेली. खरेदीखते, गहाणखते, मृत्युपत्रे आणि बक्षीसपत्रे यांच्या सहवासात केस पिकले. त्यामुळे देण्याघेण्याची कोणतीही बाब निघाली की मामाला विचारावे, असा माझ्या बहिणीच्या घरी समज आहे. भाचा हिंजवडीच्या एका संगणक कंपनीत नोकरीस असून आईबाप साताऱ्यास असल्याकारणाने रविवारचे जेवण आमच्याकडे घेतो. अशाच एका रविवारी तो आमटी दुसऱ्यांदा न घेता पानावरून उठला, तेव्हा प्रकृती किंवा प्रीती यांपैकी काहीतरी बिघडले आहे, हे आमच्या कुटुंबाने ताडले. हात धुऊन आल्यावर त्याने मांडीवर संगणक उघडला आणि एक तक्ता माझ्यापुढे धरला. डावीकडे वस्तूंची नावे, मग किंमत, मग ‘इम्प्रेशन’ नावाचा रकाना आणि सरतेशेवटी ‘रिस्क’ नावाचा; आणि या अखेरच्या रकान्यात एकूण एक वस्तूंपुढे तांबडा रंग भरलेला.

‘ही तुझी कोण?’ मी खात्याच्या सवयीने आधी पक्षकारांची ओळख पटवू लागलो.

‘म्हणजे तशी मैत्रीणच, मामा. पण नुसती मैत्रीण नाही. अजून घरी कुणी काही बोललेलं नाही. पण आहे.’

सरकारी दप्तरात अशा नोंदीपुढे ‘विचाराधीन’ असा शेरा मारतात आणि फाईल तशीच ठेवून देतात. परंतु वाढदिवसाला मुदतवाढ मिळत नाही.

तक्त्यात पहिली बाब वस्त्रांची होती. वस्त्रे देण्याची प्रथा थोर खरी. पेशवाईची वस्त्रे मिळावीत म्हणून या राज्यात केवढाली कारस्थाने झाली हे शाळकरी मुलालाही माहीत आहे. परंतु पेशवाईच्या वस्त्रांना माप विचारावे लागत नसे. तयार कपड्याला माप असते, आणि ते माप अदमासाने सांगणाऱ्या तरुणाने ते लहान सांगितले तर कपडा चढत नाही, मोठे सांगितले तर देणारा मनातून उतरतो, आणि अगदी बरोबर सांगितले तर, याला ते इतके बिनचूक कसे ठाऊक, असा तिसराच प्रश्न उपस्थित होतो. साडीला मापाची कटकट नाही. मात्र आपल्याकडे साडी देण्याचे अधिकार परंपरेने वाटून दिलेले आहेत : आईने द्यावी, सासूने द्यावी, भाऊबिजेला भावाने द्यावी. अडीच महिन्यांच्या ओळखीवर येवल्याच्या पैठणीचा पदर पुढे करणारा तरुण सासरची घाई करीत आहे असे दिसते. आणि साधीशी सुती साडी दिली, तर तिच्यातून भाऊबिजेचा वास येण्याचे भय त्याहून मोठे. भाच्याने ती ओळ पुसली.

अत्तराचे आणि रुमालाचे तर नावच काढायला नको. रुमाल दिला की भांडण होते आणि अत्तर दिले की माया उडून जाते, असे मुली मानतात. आपण असले काही मानत नाही असे सांगणाऱ्या मुलीही, रुमाल मिळाला की हातावर एक रुपया टेकवून तो विकत घेतल्याचे दाखवतात. स्कार्फचा विचार मला बरा वाटला होता, कारण पुण्याची तरुणी दुचाकीवर निघताना जो काही चेहऱ्याभोवती गुंडाळते त्यातून तिला प्रत्यक्ष जन्मदाताही ओळखू शकत नाही, आणि विचाराधीन प्रकरणात ही केवढी सोय! पण तिच्याकडे ते आधीच कपाटभर असल्याचे समजले. मी हेल्मेट सुचवले. त्यात काळजी दिसते, ते टिकते, शिवाय उपयोगी पडते. भाचा माझ्याकडे दयार्द्र दृष्टीने पाहू लागला. पुण्यात हेल्मेटला भेट म्हणून कोणी ओळखत नाही. इथे त्या वस्तूचे पूर्ण नाव हेल्मेटसक्ती असे आहे, आणि सक्ती म्हटली की या शहरात संध्याकाळपर्यंत विरोधी कृती समिती स्थापन होते.

पुस्तक द्यावे, असे मी मनापासून म्हटले. अप्पा बळवंत चौकात गेले की बसल्या जागी काम होईल, किंमत माफक, आणि देणाऱ्याच्या अभिरुचीची साक्षही पटते. त्यावर भाच्याने जी अडचण काढली ती, मला मान्य केले पाहिजे, माझ्या तीस-पस्तीस वर्षांच्या लेखनिकीत कधी ध्यानात आली नव्हती. पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर काहीतरी लिहावे लागते. ते लिहायचे कसे? आपल्या पूर्वजांनी वडिलांसाठी तीर्थरूप, धाकट्यांसाठी चिरंजीव, परक्यांसाठी राजश्री, विवाहितेसाठी सौभाग्यवती आणि बोहल्यावर चढू घातलेल्या मुलीसाठी चि. सौ. कां. असा एकेका नात्याचा मायना ठरवून ठेवला. पण भाच्याच्या या प्रकरणाला लागू पडेल असा एकही मायना मोडी कागदांपासून आजतागायत माझ्या पाहण्यात नाही. ‘प्रिय’ म्हणावे तर त्या पानाला कायदेशीर पुरावा म्हणून किंमत येते, आणि काहीच लिहू नये तर पुस्तक वाचनालयातून आणल्यासारखे दिसते.

आता किमतीविषयी. पूर्वी भेटवस्तूची किंमत ही देणारा आणि दुकानदार यांच्यातली गुप्त बाब असे. घरी आल्यावर नखाने ती चिकटवलेली चिठ्ठी खरवडून काढावी, तिचा डिंक मात्र तसाच राहावा, त्याला चार दिवसांनी धूळ चिकटून तिथे एक काळा चौकोन उमटावा, आणि एवढ्यावर सारे भागावे. आता वस्तूचे छायाचित्र काढले की मिनिटाच्या आत फोन तिची किंमत, सवलत आणि ती सवलत किती तारखेपर्यंत होती हेसुद्धा सांगतो. हे काम मुलगी स्वतः करीत नाही. तिच्या मैत्रिणींचे एक मंडळ असते, ते करते. त्या मंडळाला रक्कम थोडी दिसली तर ‘एवढंच?’ असा निकाल लागतो, फार दिसली तर ‘जपून राहा गं’ असा. शिवाय प्रत्येक रकमेला परतफेड चिकटलेली असते. मार्सेल मॉस नावाच्या फ्रेंच पंडिताने १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या गाजलेल्या निबंधात देशोदेशींच्या चालीरीती धुंडाळून असा सिद्धान्त मांडला की, देणे, स्वीकारणे आणि परत करणे ही तिन्ही बंधनकारक असतात. आमच्या घरच्या आहेराच्या वहीत हा सिद्धान्त त्याहून थोडक्या जागेत मांडलेला आहे : डाव्या बाजूला कोणी काय दिले, उजव्या बाजूला आपण त्यांच्याकडे काय दिले, आणि जिथे उजवी बाजू कोरी, तिथे आमच्या आईच्या हातची एक फुली. भाच्याचा वाढदिवस त्या मुलीच्या वाढदिवसानंतर चार महिन्यांनी येतो. म्हणजे तो आज जितका खर्च करील तितक्याच रकमेचा तगादा चार महिने तिच्या डोक्यावर राहणार, ही गोष्ट त्याच्या तक्त्यात कोठेही नव्हती.

कायद्याचा आधार घ्यावा म्हणून मी १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा काढला. त्याच्या कलम १२२ मध्ये बक्षिसाची जी व्याख्या आहे तिच्याइतके प्रेमाचे अचूक वर्णन मी अन्यत्र वाचलेले नाही. हस्तांतरण स्वेच्छेने झाले पाहिजे. मोबदल्यावाचून झाले पाहिजे. आणि ज्याला दिले त्याने ते देणाऱ्याच्या हयातीत, व देणारा देण्यास अजून समर्थ आहे तोवर, स्वीकारले पाहिजे. ‘मोबदल्यावाचून’ या शब्दापाशी भाचा थोडा घुटमळला. मी पुढे वाचत गेलो. स्थावर द्यायचे तर नोंदणीकृत दस्त आणि दोन साक्षीदार लागतात, जंगम वस्तू मात्र नुसती हाती सुपूर्द केली तरी चालते, हे ऐकून त्याचा जीव भांड्यात पडला. परंतु आयकराचे कायदेपंडित अधिक सावध आहेत. एका आर्थिक वर्षात पन्नास हजार रुपयांहून अधिक मोलाची भेट परक्याकडून आली तर ती घेणाऱ्याचे उत्पन्न समजली जाते. लग्नात आली तर माफ, वाढदिवसाला माफ नाही. आणि परका कोण, हे ठरवताना कायद्याने नातेवाइकांची जी यादी दिली आहे तीत आईवडिलांची भावंडे येतात, म्हणजे मामा येतो. मैत्रीण येत नाही.

‘म्हणजे तुम्ही मला लाख रुपये दिले तर कर नाही?’ भाच्याने विचारले. हे कलम त्याने मला पुन्हा एकदा वाचायला लावले. मूळ विषय बाजूला पडत आहे असे पाहून मी पुस्तक मिटले.

प्राचीन शास्त्रकारांनी तरी काही सांगितले असेल म्हणून आम्ही वात्स्यायनाकडे वळलो. कामसूत्राच्या तिसऱ्या अधिकरणात त्याने कुमारिकेचे मन जिंकण्यासाठी द्यावयाच्या वस्तूंची जी जंत्री दिली आहे ती एखाद्या तालुक्याच्या बाजाराला पुरून उरेल : चेंडू, बाहुल्या, लाकडाचे मेंढे, वीणा, चंदन, केशर, विड्याचे सामान, आणि पोपट, कोकिळा, साळुंकी, लावे, कोंबडे व तित्तिर यांचे पिंजरे. चेंडू-बाहुल्या तुळशीबागेत मिळतील. पण देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे, आणि तित्तिरांचीही तीच कथा; तेव्हा वात्स्यायनाचा सल्ला शब्दशः मानणारा प्रियकर वाढदिवसाच्या दिवशी वनखात्याच्या ताब्यात असण्याचा संभव अधिक. राहता राहिला कोंबडा. ‘मामा, त्यांच्या सोसायटीत कुत्रासुद्धा पाळू देत नाहीत,’ भाचा म्हणाला. मग त्यानेच फुलांची गोष्ट काढली. फुलांवर माझा विश्वास नाही. श्रीकृष्णाने पारिजाताचे एक फूल एकीला दिले, एवढ्या क्षुल्लक कारणावरून त्याला इंद्राशी युद्ध करून सबंध झाड उपटून आणावे लागले. आणि ते सत्यभामेच्या अंगणात लावल्यावर फुले पडू लागली रुक्मिणीच्या अंगणात. भगवंताची ही कथा. आपल्याला तर पुष्पगुच्छ घेऊन बसमध्ये उभे राहायचे असते.

खरी मेख पुढेच होती. पुण्याचे जकात नाके २०१३ साली उठले, पण मुलीच्या आईचा नाका उठलेला नाही आणि उठणारही नाही. ऑफिसातून घरी परतलेल्या मुलीच्या पिशवीत सकाळी नव्हती अशी कोणतीही वस्तू त्या नाक्यावर थांबवली जाते, उलटीपालटी केली जाते, आणि तीन प्रश्न विचारले जातात : कुठून आणलीस, कितीला पडली, आणि आपल्याकडे होती ना? या प्रश्नांची जिच्याबाबत उत्तरे देता येत नाहीत ती वस्तू कितीही सुंदर असो, तिची रवानगी ऑफिसच्या खणात होते आणि तिथेच ती झिजते. मुलायम अस्वले या कारणाने सर्वस्वी बाद. चांदीचे पैंजण वाजतात. घड्याळाविषयी ‘सेलमध्ये मिळालं’ असे सांगता येते, पण मग आई स्वतःसाठी तसलेच एक मागवते आणि मूळ किंमत उघडकीस येते. मला वाटते, जगातल्या इतर ठिकाणच्या तरुणांना मैत्रिणीला आवडेल एवढी एकच अट पाळावी लागत असावी. आपल्याकडे मैत्रिणीला आवडेल आणि तिच्या आईला संशय येणार नाही अशा दोन अटी एकदम लागू होतात, आणि त्या दोन्हींतून पार पडणाऱ्या वस्तू फार थोड्या.

इथवर आमचे कुटुंब स्वयंपाकघराच्या दाराशी लसूण सोलत उभे होते. मामीने दोनच प्रश्न विचारले.

‘ती वैतागते कशावर?’

‘कशावर म्हणजे... बसवर. मॅनेजरवर. डब्यावर.’

‘डब्यावर का?’

मग भाच्याने सांगितले की तिचा डबा गळतो. चिंचवडहून हिंजवडीपर्यंतच्या धक्क्यांत आमटी झाकणातून बाहेर येते. मागल्या महिन्यात तिच्या पर्समधल्या कंपनीच्या ओळखपत्रावर मटकीच्या उसळीचा डाग पडला आणि तेव्हापासून ती कोरडी भाजीच नेते, आणि कोरडी भाजी तिला घशाखाली उतरत नाही. हे सारे त्याला तपशीलवार ठाऊक होते. तक्त्यात नव्हते.

‘मग आण की डबा,’ मामी म्हणाली आणि लसूण घेऊन आत गेली. डबा! भाच्याचा चेहरा पडला. तीस वर्षे नोकरी केलेल्या हेडक्लार्कला निवृत्तीच्या समारंभात डबा देतात. प्रेमात पडलेल्या माणसाने डबा द्यावा हे त्याला सहन होईना. पण मी दोन्ही अटी लावून पाहिल्या. डब्याचा कोणत्याही आईला संशय येत नाही. उलट, मुलीने स्वतः होऊन डबा आणला याचे तिला कौतुक वाटते.

रविवार पेठेतल्या बोहरी आळीत आम्ही गेलो ती दुपारची वेळ होती. दुकान म्हणजे एक बोळ, दोन्ही अंगांना छतापर्यंत पातेली, वरून लोंबणारी परातींची माळ, आणि टोकाला गल्ल्यावर मालक. मी त्याला आमटी, बस आणि ओळखपत्र ही हकिगत सांगितली. मालकाने काही न बोलता एक डबा काढला, गडूतले पाणी त्यात काठोकाठ ओतले, झाकणाच्या आतली रबरी कडा अंगठ्याने दाबून बसवली, चारी बाजूंच्या कड्या खटाखट लावल्या, आणि तो डबा आपल्याच उघड्या जमाखर्चाच्या वहीवर उपडा धरून मला विचारले, ‘कोथरूडला राहता का?’ आम्ही तिघेही त्या डब्याकडे पाहत राहिलो. वहीवर थेंब पडला नाही. इतकी निधडी जामिनकी मी माझ्या खात्यात पाहिलेली नाही.

भाव ठरला. मालकाने पोऱ्याला हाक मारली. तो नाव घालण्याचे यंत्र घेऊन आला. जाड पेन्सिलीएवढे ते. पूर्वी हातोडी आणि छिन्नी घेऊन ठोके मारीत, आता वायर जोडली की कर्र आवाज करीत ठिपक्याठिपक्यांची अक्षरे उमटतात. महाराष्ट्रात पितळ गेले, स्टील आले, पण नाव घातल्यावाचून भांडे देणे अजून कोणाला सुचत नाही.

‘नाव?’ पोऱ्याने विचारले.

भाच्याने पहिले नाव सांगितले.

‘आडनाव?’

‘नको.’

‘काय निमित्त?’

‘वाढदिवस. पण ते नको घालू.’

‘कोणाकडून?’

शेजारी रुखवताची भांडी निवडणाऱ्या दोन बायकांनी हातातली परात खाली ठेवली. भाचा माझ्याकडे पाहू लागला. मला दुष्यंत आठवला. त्याने आपले नाव कोरलेली अंगठी शकुंतलेला दिली; ती शचीतीर्थाच्या पाण्यात पडली, मासा गिळून बसला, कोळ्याला पहाऱ्यावरच्या शिपायांनी धरले; आणि इतक्या सगळ्यांचे हाल होऊन शेवटी नाव वाचले ते नाव घालणाऱ्यानेच. लेखी पुरावा हा असा उलटतो. ‘कडून’ घालावे तर प्रकरण विचाराधीन राहत नाही, आणि घालू नये तर माघार घेतल्यासारखे दिसते, तेही त्या बायकांसमोर.

मालकाने गल्ल्यावरूनच तोड काढली. ‘नाव वरच्या अंगाला घाल रे. खाली जागा सोड.’ आणि भाच्याकडे वळून, अगदी हिशेबाच्या स्वरात : ‘ठरलं की डबा घेऊन या. कडून भरून देऊ. त्याची मजुरी लागणार नाही.’

कोरी जागा ठेवून दस्त पुरा करणे हा माझ्या खात्यात मोठा दोष मानला जातो. पण डबा जंगम असल्यामुळे मी हरकत घेतली नाही.

घरी आणल्यावर मामीने तो डबा हातात घेतला, झाकण उघडले आणि आत पाहिले. ‘रिकामं भांडं देतं का कुणी?’ तिने विचारले, आणि आदल्या दिवशी केलेल्या बेसनाच्या लाडवांनी तो तोंडोतोंड भरून कड्या लावल्या. त्या क्षणी मला काही सुचले नाही. सुचायला हवे होते भाच्याला. पण डबा देण्याचे दुःख तो अजून गिळत होता.

मुलीला डबा फार आवडला, याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही. मैत्रिणींच्या मंडळाने फोनवर बराच शोध घेतला. बोहरी आळीतला माल तिथे सापडेना, तेव्हा किमतीविषयी मंडळात मतभेद होऊन विषय तहकूब झाला. संध्याकाळी डबा चिंचवडच्या नाक्यावर पोहोचला आणि अपेक्षेप्रमाणे सुटलादेखील. ‘ऑफिसजवळ घेतला, गळत नाही,’ असे मुलीने सांगितले, आईने कड्या लावून-काढून पाहिल्या, ‘बरं केलंस’ म्हणाली. मग तिने आतला लाडू उचलला. अर्धा मोडला. वास घेतला. तोंडात टाकला. बाजारातला लाडू आणि कोणाच्या घरचा लाडू यांतला भेद चिंचवडमधल्या गृहिणीपासून लपवता येतो असे ज्याला वाटते त्याने या राज्यात प्रेमप्रकरण करू नये. इतके मंद आचेवर भाजलेले बेसन आणि इतके तूप कोणता दुकानदार घालील? ‘हे कोणाकडचे?’ एवढाच प्रश्न तिने विचारला म्हणतात. रात्रीच्या जेवणापर्यंत मुलीचा संपूर्ण कबुलीजबाब नोंदवून झाला होता, भाच्याच्या गावासह, पगारासह, आणि साताऱ्याच्या घराला विहीर आहे या माहितीसह.

भाचा आठवडाभर फिकट चेहऱ्याने वावरला. पुढच्या सोमवारी मुलीने ऑफिसात तोच डबा त्याच्या हाती ठेवला. आत ओल्या नारळाच्या करंज्या होत्या. आलेले भांडे रिकामे परत करायचे नाही, हा नियम चिंचवडलाही पाळतात. सोबत तोंडी निरोप होता, तो आईकडून मुलीला, मुलीकडून भाच्याला आणि भाच्याकडून मामीला असा पायरीपायरीने पोहोचला : बेसन उत्तम भाजलंय, हात सढळ आहे, वेलदोडा मात्र किंचित कमी वाटला.

‘वेलदोडा कमी?’ मामी म्हणाली. तिने एक करंजी उचलून खाल्ली आणि बराच वेळ काही बोलली नाही. ‘सारण चांगलं आहे. पारी जाड झालीय. पण हे सांगायचं नाही, कळलं? छान झाल्या म्हणून सांग.’ दुसऱ्या दिवशी डबा रव्याच्या लाडवांसह रवाना झाला, आणि त्या लाडवांत वेलदोडा इतका होता की घरातल्या चहालाही दोन दिवस तोच वास येत होता. तिकडून शंकरपाळे आले. इकडून चिवडा गेला. भाचा आणि ती मुलगी यांना आता या व्यवहारात हमालीखेरीज काम उरलेले नाही. दोन्ही स्वयंपाकघरांनी एकमेकींना पाहिलेले नाही, पण एकमेकींच्या हाताविषयी त्यांची मते ठाम झालेली आहेत, आणि दिवाळीच्या फराळाच्या वेळी चिंचवडला जाऊन यायला काय हरकत आहे, असे मामी परवा पोळ्या लाटता लाटता सहज म्हणाली.

एक कागाळी मात्र मुलीकडून आली. नवा डबा सदा दोन घरांच्या मध्ये कुठेतरी असतो, त्यामुळे ती बिचारी पुन्हा त्याच जुन्या गळक्या डब्यातून जेवण नेते, आणि गेल्या बुधवारी दुसऱ्यांदा आमटी सांडली. तेव्हा भाचा शनिवारी एकटाच बोहरी आळीत गेला. बोळात शिरून तो काही बोलणार इतक्यात गल्ल्यावरून मालकाने त्याला ओळखले आणि माळ्यावर चढलेल्या पोऱ्याला मोठ्याने हाक मारली : ‘अरे, मशीन घेऊन उतर खाली, कडूनवाले आलेत!’